वाचक विचारतात: याचा कूलर त्याला बसेल का?

गेल्या अंकात ग्राफिक्स कार्डाची धूळ काढण्याबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या बऱ्याच मेलमध्ये फिरून फिरून एकच प्रश्न होता, की एका कार्डाचा कूलर, म्हणजे चिप थंड ठेवणारा हीटसिंक (धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा) आणि फॅन, काढून दुसऱ्याला लावता येतो का. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीये. नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय त्यामुळे फक्त गावं देतोय.

दादा, मी अकोल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे सेकंडहँड आरएक्स ५७० आहे, दोन फॅनपैकी एक बंद पडलाय, दुसरा खरखर करतो, गेम लावला की दहा मिनिटात ८८ अंश. मित्राचं आरएक्स ५८० डेड झालंय, ते दुसऱ्या कंपनीचं आहे पण कूलर एकदम दणकट, जाड हीटसिंक, चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या). दोन्हीची चिप सारखीच असते म्हणतात, मग बसेल ना?

चिपबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे. २०१७ मध्ये आलेली ही दोन्ही कार्डं एएमडीच्या पोलारिस २० वरचीच, ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) चालू असतात आणि ५७० मध्ये २०४८, एवढाच मुख्य फरक. चिपभोवतीची चार भोकंही दोन्हीकडे साधारण ५३ मिमी अंतरावर असतात. आणि ५८० ची ठरवलेली पॉवर १८५ वॅट, तुझ्या ५७० ची १५० वॅट, म्हणजे त्या कूलरला तुझं कार्ड जडही जाणार नाही. इथपर्यंत सगळं तुझ्या बाजूने आहे.

अडचण पुढे येते. कूलर बनवणारा चिप बघून कूलर बनवत नाही, तो आपल्या कंपनीचा बोर्ड समोर ठेवून बनवतो. चिप एएमडीची असली तरी तिच्याभोवतीचा बोर्ड प्रत्येक कंपनी आपापला आखते, कोणी मॉसफेट (चिपला करंट पुरवणारे छोटे काळे चौकोन) डावीकडे ठेवतं कोणी उजवीकडे, कोणाचे कॅपॅसिटर बुटके, कोणाचे उंच डब्यासारखे, आणि हीटसिंकच्या खालच्या बाजूला जे खाचे, पायऱ्या, छोटे ठोकळे दिसतात ना ते बरोबर त्या त्या बोर्डाच्या उंचसखल भागांसाठी कापलेले असतात. दुसऱ्या बोर्डावर ठेवलास की हीटपाइपचा बाक नेमका एखाद्या कॅपॅसिटरवर टेकतो, चार स्क्रू तर लागतात पण चिप आणि तांब्यामध्ये केसाएवढी फट राहते, आणि केसाएवढी फट म्हणजे काहीच थंड होत नाही. या कार्डांवर अजून एक जागा बरेचदा नडते ती म्हणजे डीव्हीआय पोर्ट (मॉनिटर जोडायची जुन्या पद्धतीची जागा), त्याचा ठोकळा उंच असतो आणि दुसऱ्या कंपनीच्या हीटसिंकच्या पट्ट्या तिथपर्यंत आलेल्या असू शकतात.

त्यामुळे हो किंवा नाही मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तू अर्ध्या तासात घरी बघू शकतोस. दोन्ही कार्डांचे कूलर काढ. मुलांच्या खेळण्यातली क्ले मिळते ती घे, मटाराच्या दाण्याएवढ्या गोळ्या करून तुझ्या कार्डाच्या प्रत्येक मेमरी चिपवर एक, मॉसफेटच्या रांगेवर दोनतीन, आणि जे जे उंच दिसतंय त्यावर एक एक ठेव. चिपवर मात्र क्ले नको, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी साधी थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधली बारीक फट भरणारं मलम). आता ५८० चा कूलर हलक्या हाताने ठेव, चार स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा देत लाव, आवळू नको, टेकले की थांब. कॉम्प्युटरला जोडायचं नाही, कार्ड टेबलावरच. मग उघडून बघ. चिपवर पेस्ट सगळीकडे सारखी पातळ पसरली असेल तर तांबं टेकतंय, एका बाजूला जाड ढीग तसाच असेल तर कुठेतरी काहीतरी आडवं येतंय, आणि ते कुठे ते क्ले सांगते कारण तिथे ती पूर्ण चिरडून कागदासारखी झालेली असते. जिथे क्ले एक किंवा दीड मिमी उरलीये तिथे तेवढ्या जाडीचा, किंवा दाबला गेल्यावर तेवढा होईल असा मऊ थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी रबरासारखी पट्टी) लागणार. ही माहिती दुसरीकडे कुठे लिहिलेली मिळत नाही, तुझ्या दोन कार्डांपुरती तूच ती काढायची. झालं की क्ले नीट साफ कर, बोर्डावर कण राहू देऊ नको.

दोन गोष्टी विसरू नको. एक, मॉसफेट उघडे ठेवायचे नाहीत. बरेच जण चिप थंड झाली म्हणून खूश होतात, टेंपरेचर ६५ दिसतं, आणि महिन्याभराने कार्ड कायमचं गप्प होतं कारण चिपला करंट पुरवणारे ते छोटे काळे चौकोन कोणत्याही हीटसिंकला न टेकता तापत बसलेले असतात आणि अनेक कार्डांवर त्यांचं टेंपरेचर स्क्रीनवर येतच नाही. नवा कूलर तिथपर्यंत पोचत नसेल तर बाजारात चिकटवायचे छोटे ॲल्युमिनियमचे हीटसिंक मिळतात ते लाव आणि त्यांच्यावर हवा पडेल असं बघ. दुसरी गोष्ट, स्क्रू आणि त्याच्या स्प्रिंगा ५८० च्याच वापर. स्प्रिंग किती दाबली जाणार हे त्या कूलरच्या पायांच्या उंचीवर ठरलेलं असतं, तुझ्या जुन्या स्क्रूंनी दाब कमी पडेल किंवा जास्त होईल. जास्त दाब म्हणजे काय ते मी २०१९ मध्ये बघितलंय, एका मित्राच्या कार्डाचा एक स्क्रू मी पूर्ण आवळला बाकीचे तीन मोकळे असताना, आणि चिपचा कोपरा टचकन उडाला. उघडी सिलिकॉनची चिप काचेसारखी असते. ते कार्ड परत कधीच सुरू झालं नाही आणि त्याचं वाईट मला अजूनही वाटतं, म्हणून हे इतकं सांगतोय.

आणि आता खरं सांगू का, तुझ्या जागी मी असतो तर आधी हे काहीच केलं नसतं. तुझा हीटसिंक बिघडलेला नाही, फॅन बिघडलेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं सतत चालवून ते कमावणं) बंद झालं आणि अशी ढीगभर ५७० आणि ५८० कार्डं जुन्या बाजारात आली, त्यातली कित्येक रात्रंदिवस चाललेली, चिप धडधाकट पण फॅनचं बेअरिंग झिजलेलं. फॅन उलटा करून त्याच्या मागचं स्टिकर वाच, त्यावर मॉडेल नंबर, १२ व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेलं असतं, त्याच नंबरची जोडी ऑनलाइन मिळते. नंबर पुसला असेल तर पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि वायरी किती हे तीन मोजून घे. तोपर्यंत खरखरणाऱ्या फॅनच्या मधल्या स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकलास तर काही दिवस निघतात, जास्त टाकलं तर ते उडून बोर्डावर येतं. नवे फॅन, नवी पेस्ट, आणि सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज थोडं कमी केलंस तर ते ८८ चं टेंपरेचर सहज सत्तरीत येईल. मित्राचा कूलर जपून ठेव, पुढेमागे त्याच कंपनीचं त्याच मॉडेलचं कार्ड कोणाकडे असलं तर तिथे तो न बघता बसेल.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या बंगळुरूला नोकरी. माझ्याकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०७० फाउंडर्स एडिशन (एनव्हिडियाने स्वतः आखलेलं कार्ड) आहे आणि एसपी रोडवर १०८० फाउंडर्सचा नुसता कूलर मिळतोय. बसेल का आणि काही फायदा होईल का?

बसेल. ही अशी जोडी आहे की जिथे मी बिनधास्त हो म्हणतो. २०१६ च्या या दोन फाउंडर्स कार्डांचा बोर्ड जवळजवळ एकच आहे, १०७० वर पॉवरचा एक भाग रिकामा सोडलेला दिसतो इतकंच, म्हणून तर वॉटरब्लॉक (पाण्याने थंड करायचा ठोकळा) विकणारेही दोघांना एकच ब्लॉक विकायचे. बाहेरून दोन्ही कूलर जुळे दिसतात पण आत १०८० वाल्यात व्हेपर चेंबर आहे, म्हणजे तांब्याची चपटी बंद पेटी, आत थोडंसं पाणी, ते चिपवर उकळून वाफ होतं, वरच्या पट्ट्यांना लागून थंड होतं आणि परत खाली येतं. १०७० ला त्याऐवजी हीटपाइप दिलेत. १०८० चा कूलर १८० वॅटसाठी, तुमचं कार्ड १५० वॅटचं. फायदा होईल पण फार मोठा नाही, फॅनचा आवाज थोडा कमी येईल. उघडताना मागची प्लेट काढली की खाली षटकोनी डोक्याचे बारीक स्क्रू दिसतील, त्यांना ४ मिमीचा नट ड्रायव्हर लागतो, पकडीने फिरवायला जाऊ नका, बाजूचे बारीक रेझिस्टर निघून येतात. विकत घेण्याआधी व्हेपर चेंबरचा तळ पट्टीची कड लावून बघा, कोणीतरी आदळून तो वाकवलेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

असंच जुळणं एएमडीच्या स्वतःच्या आरएक्स ५७०० आणि ५७०० एक्सटीमध्ये आहे, किंवा आरएक्स ६८०० एक्सटी आणि ६९०० एक्सटीमध्ये. मूळ कंपनीचाच बोर्ड, एकाच पिढीतला, तिथे शोध घ्या, तिथे यश मिळतं.

जीटीएक्स १०६० चा कूलर आरएक्स ५८० ला लावायचाय, भोकं थोडी बाहेर जातात, ड्रिलने नवीन पाडली तर चालतील का? (पुणे)

बोर्डात भोक पाडायचं नाही, कधीच नाही. बोर्ड म्हणजे एक पत्रा नसतो, आत तांब्याच्या रेघांचे अनेक थर एकावर एक असतात, ड्रिल त्यातलं काय कापेल ते दिसतही नाही. १०६० ची भोकं साधारण ५८ मिमीवर आहेत, ५८० ची ५३ वर, म्हणून बाहेर जातात. कूलरच्या बाजूला वेगळी पट्टी बनवून घेतली तर जमतं, तापकीर गल्लीत किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दीड-दोन मिमीच्या स्टीलची कापून मिळेल, पण १०६० हे १२० वॅटचं कार्ड आहे आणि तुम्ही त्याचा कूलर १८५ वॅटच्या कार्डावर घालताय. एवढी मेहनत करून टेंपरेचर वाढणारच. सोडून द्या.

चंद्रपूरला राहतो, उन्हाळ्यात खोलीतच ४० च्या वर असतं. आरटीएक्स ३०८० ची मेमरी १०८ ते ११० ला जायची म्हणून सगळे पॅड बदलले, २ मिमीचे चांगल्या कंपनीचे घेतले. आता मेमरी ८६ आहे पण चिपचा हॉटस्पॉट (सगळ्यात गरम जागा) १०५ दाखवतो, आधी ८५ असायचा. कूलर बदलावा का?

कूलर तुमचा ठीक आहे, पॅड जाड झालेत. मेमरीसाठी तुम्ही पॅड घातले ते आता खांबासारखे उभे आहेत आणि त्यांनी अख्खा कूलर चिपपासून वर उचलून धरलाय. मेमरी थंड, चिप गरम, ही त्याचीच खूण आहे. एचडब्ल्यूइन्फो या टेंपरेचर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिपचं साधं टेंपरेचर आणि हॉटस्पॉट यातला फरक बघा, बारा-पंधरा अंश असेल तर ठीक, पंचवीस-तीसच्या पुढे असेल तर तांबं नीट टेकत नाहीये.

३०८० वर कोणत्या जागी किती जाडीचा पॅड हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे, एकाच कार्डावर मेमरीला एक आणि मॉसफेटला दुसरी जाडी असंही असतं. मूळचे पॅड ठेवलेत का? त्यांची न दबलेली कड व्हर्नियरने मोजा, ती खरी जाडी. टाकून दिले असतील तर थर्मल पुटी वापरा, ही कणकेसारखी असते, कमीजास्त फट स्वतःच भरून घेते आणि कूलरला उचलून धरत नाही, अशा घोळात मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. पॅडच घ्यायचे तर वॅटचे मोठे आकडे बघून नका घेऊ, बोटाने दाबून बघा, जास्त उष्णता नेणारे बरेच पॅड कडक असतात आणि कडक पॅड चुकीच्या जाडीला अजिबात माफ करत नाही.

आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल. कोणताही हवेचा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण दहा अंशांनीच वर जातं, हिवाळ्यात तुम्हाला जे ७० दिसत होतं तेच मे महिन्यात ८५ आहे आणि त्यात कार्डाचा काही दोष नाही. ३०८० हे ३२० वॅटचं कार्ड, म्हणजे छोटा हीटरच त्या खोलीत चालू आहे. एप्रिल ते जून सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यायची ती मर्यादा) ७५ ते ८० टक्क्यांवर ठेवा. फ्रेममध्ये फरक फार थोडा पडतो, मेमरी आणि माणूस दोघांनाही बरं वाटतं. फक्त डेझर्ट कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका.

फॅन गेले म्हणून कार्डाचं प्लॅस्टिक कव्हर काढून कॅबिनेटचे दोन १२० मिमी फॅन हीटसिंकवर केबल टायने बांधलेत. मस्त थंड राहतं. पण ते कार्डाच्या कनेक्टरला कसे जोडायचे? पिन बसत नाही. (रत्नागिरी)

छान काम केलंय, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कार्डाचा कूलर शोधत फिरण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी वेळा चांगला, कारण हीटसिंक त्याच बोर्डाचा राहतो, सगळे पॅड जागेवर राहतात. कार्डावरचा कनेक्टर बारीक असतो, पिनांमध्ये २ मिमी अंतर, मदरबोर्डच्या फॅनला २.५४ मिमी. यासाठी तयार अडॅप्टर केबल मिळते, मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून मागवा. पण घेतल्या घेतल्या लावू नका, चार वायरींचा क्रम सगळ्या कंपन्या एकसारखा ठेवत नाहीत, १२ व्होल्ट आणि ग्राउंड कुठे आहेत ते मल्टिमीटरने तपासा. तुमच्या कार्डाला दोनच पिनांचा कनेक्टर असेल तर हा उद्योग सोडा, फॅन सरळ मदरबोर्डला जोडा आणि कॅबिनेटच्या फॅनसारखे एका ठरावीक वेगाने चालू ठेवा. कार्डाच्या कनेक्टरवर किती करंट निघतो त्याला मर्यादा असते, जुन्या फॅनच्या स्टिकरवरचे अँपिअर आणि नव्या दोघांची बेरीज जुळवून बघा, नवी बेरीज कमी हवी. साधे १२० मिमी फॅन बहुधा कमीच घेतात.

समुद्राजवळ राहता म्हणून एक जास्तीचं, वर्षातून एकदा हीटसिंकच्या पट्ट्यांच्या मुळाशी पांढरी भुकटी जमलीये का बघा. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मऊ ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका.

लिक्विड मेटल लावलं तर कूलर बदलायची गरजच नाही असं ऐकलं, खरं का? (नाशिक)

नाही. ते पेस्टऐवजी लावायचं, गॅलियम या धातूचं पातळ मिश्रण असतं, ॲल्युमिनियमला लागलं तर ते ॲल्युमिनियम पोखरून टाकतं, आणि स्वस्त कार्डांच्या कूलरचा तळ बरेचदा ॲल्युमिनियमचाच असतो किंवा हीटपाइप आणि ॲल्युमिनियम दोन्ही चिपला टेकलेले असतात. शिवाय त्यातून वीज वाहते, एक थेंब बाजूला गेला की शॉर्ट. साधी चांगली पेस्ट लावा.

माझा मुलगा दहावीत आहे, स्वतःचं ग्राफिक्स कार्ड उघडून कूलर बदलणार म्हणतो. मला यातलं कळत नाही. शॉक लागेल का? वॉरंटी जाईल का? त्याला करू द्यावं का? (सांगली)

ताई, करू द्या, पण काही गोष्टी त्याच्या शेजारी उभं राहून बघा. ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर चालतं, कॉम्प्युटरचं प्लग भिंतीतून काढून मग पॉवरचं बटण एकदा दाबलं की उरलासुरला करंटही निघून जातो, कार्ड हातात घेतल्यावर शॉकची भीती नाही. भीती आहे ती कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याची, त्यात भिंतीतला करंट येतो आणि प्लग काढल्यावरही आतले कॅपॅसिटर भरलेले राहू शकतात. तो डबा त्याने उघडायचा नाही, हे मात्र तुम्ही ठामपणे सांगा. हीटसिंकच्या पट्ट्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, बोटं कापतात, सावकाश. आणि कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, अंगातली स्टॅटिक निघून जाते, गालिच्यावर बसून करू नये.

वॉरंटीसाठी आधी बिल काढा. मुदत शिल्लक असेल तर उघडूच देऊ नका, दुकानात द्या, आपल्याकडे स्क्रूवरचं छोटं स्टिकर फाटलेलं दिसलं की सर्व्हिस सेंटरवाले हात वर करतात. अमेरिकेत ईव्हीजीए ही कंपनी कूलर काढला तरी वॉरंटी ठेवायची, कार्डाला इजा झालेली नसली तर, पण तिने २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डाचा धंदाच बंद केला. मुदत संपली असेल तर मग तो आणि त्याचं कार्ड.

त्याला एवढं सामान आणून द्या: बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना सुती कपडा, पेस्टची ट्यूब, आणि थर्मोकोलचा एक तुकडा. कूलर निघत नसेल तर ओढायचं नाही, जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरून बसलेली असते, कार्ड पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करायचं, बंद करून प्लग काढून मग कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवायचा, आणि सुटला तरी झटक्यात उचलायचा नाही कारण फॅनच्या वायरी अजून बोर्डाला जोडलेल्या असतात. थर्मोकोलवर आधी पेनाने कार्डाचा आकार काढायला सांगा आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेवायला लावा, त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की तो पलीकडच्या फॅनच्या पात्याला लागतो.